नोकरी सांभाळून नर्सिंगमध्ये पीएच.डी.: कोल्हापुरातून सुरुवात कोठून करावी?

प्रश्न — सायंपाळी

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका खासगी नर्सिंग महाविद्यालयात मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते. एम.एस्सी.ला जाण्यापूर्वी काही वर्षे अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स होते आणि आजही विद्यार्थिनींना क्लिनिकल पोस्टिंगला नेण्याच्या निमित्ताने आठवड्यातला बराच वेळ वॉर्डातच जातो. पीएच.डी. करावी असे पुष्कळ दिवसांपासून मनात आहे आणि आता धाकटा शाळेत रुळल्यामुळे घरूनही होकार मिळाला आहे. मात्र चौकशीला लागल्यापासून उत्तरांपेक्षा शंकाच वाढल्या आहेत.

पगार सोडून पूर्णवेळ संशोधन करणे मला परवडणारे नाही. नर्सिंगमध्ये अर्धवेळ पीएच.डी. ग्राह्य धरली जाते का, आणि धरली जात असल्यास नोकरीच्या ठिकाणाहून नेमके काय लिहून घ्यावे लागते? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करावा, आपल्या भागातील अभिमत विद्यापीठांकडे पाहावे, की इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या राष्ट्रीय कन्सोर्टियमची प्रवेश परीक्षा द्यावी, याबाबतही जितकी तोंडे तितकी मते ऐकू येतात. एका सहकाऱ्यांनी तर घरबसल्या वर्षभरात ऑनलाइन पीएच.डी. मिळवून देणाऱ्या एका संस्थेचे माहितीपत्रकच पाठवून दिले.

राहिला विषयाचा प्रश्न. 'अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता' असे काहीतरी घेतले की काम लवकर हातावेगळे होते, असा सल्ला मला एकापेक्षा अधिक जणींनी दिला आहे. माझे मन मात्र खाटेला खिळलेल्या रुग्णांना होणाऱ्या बेडसोअरकडे (सतत दाब पडून होणाऱ्या जखमांकडे) ओढ घेते, कारण अतिदक्षता विभागात असताना तो त्रास मी फार जवळून पाहिला आहे. हा विषय पीएच.डी.च्या तोलाचा होईल का? ज्यांनी ही वाट तुडवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर — करवीरकर

सायंपाळी मॅडम, ते माहितीपत्रक सर्वांत आधी केराच्या टोपलीत टाका. विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी जे पीएच.डी.विषयक विनियम अधिसूचित केले, त्यांनुसार दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही आणि कोर्सवर्क (संशोधकाने पूर्ण करायचा वर्गातील अभ्यासक्रम) धरून किमान कालावधी ३ वर्षांचा आहे. म्हणजे 'वर्षभरात' आणि 'घरबसल्या' या दोन्ही शब्दांतच त्या पदवीची किंमत कळून येते. अशा पदव्या घेतलेल्या मंडळींची पुढे निवड समितीसमोर काय अवस्था होते, हे मी समितीच्या बाजूला बसून पाहिलेले आहे, आणि ते दृश्य सुखावह नसते.

अर्धवेळ पीएच.डी.ला त्याच विनियमांत स्पष्ट मान्यता आहे. त्यासाठी नोकरीच्या संस्थेकडून जे ना हरकत प्रमाणपत्र लागते, त्यात उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी दिली आहे, कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देण्याजोगे आहे आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, अशा तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. आमच्याकडील अनेक संस्था पहिले वाक्य आनंदाने लिहून देतात आणि तिसऱ्यावर अडतात. 'बघू की नंतर, तुम्ही आधी प्रवेश तर घ्या' या बोलण्यावर विसंबू नका. प्राचार्य बदलतात, संस्थाचालकांचा मूड बदलतो आणि ऐन सत्र परीक्षेच्या दिवसांत कोर्सवर्कचे वर्ग लागले की तोंडी आश्वासनाला काडीचीही किंमत राहत नाही. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते, त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन-प्रकाशन नैतिकता हे विषय येतातच, आणि त्यात किमान ५५ टक्के गुण मिळाल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

कमाल मुदत ६ वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून ती आणखी २ वर्षांनी वाढवता येते आणि स्त्री संशोधकांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळते, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंतची रजाही घेता येते. नर्सिंगमध्ये बहुसंख्य स्त्रियाच असल्यामुळे ही तरतूद येथे कागदावरची शोभा नाही. प्रवेश घेतानाच ती माहीत असलेली बरी. अर्थात आयोगाचे विनियम ही चौकट झाली. प्रत्येक विद्यापीठ स्वतःचे निर्देश वेगळे काढते आणि शुल्क, सादरीकरणाच्या तारखा, शोधनिबंधांची अट अशा बाबी तेथेच ठरतात, म्हणून त्या वर्षीची अधिसूचना शब्दन् शब्द वाचावी.

आता विद्यापीठाविषयी. कोल्हापूरच्या माणसाची पावले सवयीने शिवाजी विद्यापीठाकडे वळतात, पण १९९८ मध्ये नाशिकचे विद्यापीठ स्थापन झाल्यापासून राज्यातील आरोग्य विज्ञानाच्या शाखा तिकडे आहेत. तेथील प्रवेश परीक्षेला सर्वजण 'पेट' म्हणतात. आयोगाच्या चौकटीत अशा परीक्षेचा निम्मा भाग संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो. ५० टक्के गुण मिळवणारे मुलाखतीस पात्र ठरतात आणि अंतिम निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. आपल्या पट्ट्यात कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ आणि सांगलीत नर्सिंग महाविद्यालय असलेले भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठे आहेत. मात्र तेथे नर्सिंगमध्ये त्या वर्षी जागा आहेत का, हे मार्गदर्शकांकडील रिक्त जागांवर ठरत असल्याने प्रत्यक्ष जाऊन विचारलेले चांगले. राष्ट्रीय कन्सोर्टियम हा इंडियन नर्सिंग कौन्सिलने बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने उभा केलेला उपक्रम असून पदवी त्या विद्यापीठाची मिळते. त्याला देशभरात मान आहे, पण तेथील फेऱ्यांचा आणि रजांचा हिशेब आधी मांडा.

माझे स्पष्ट मत असे की, विद्यापीठाच्या आधी मार्गदर्शक शोधावा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात, आणि ज्यांच्या निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे त्यांना नवा संशोधक घेता येत नाही. नर्सिंगमध्ये पीएच.डी.धारक मार्गदर्शक मुळातच मोजके असल्यामुळे 'जागा असलेले गाईड' मिळाले की लोक हुरळून जातात आणि त्यांनी आजवर कोणत्या विषयावर काम केले, हे पाहतच नाहीत. शोधगंगा या संकेतस्थळावर देशातील शोधप्रबंध विनामूल्य वाचता येतात. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या हाताखाली झालेले किमान दोन प्रबंध तेथे सापडतात का ते पाहा आणि त्यांतील पद्धतीचे प्रकरण व निष्कर्ष वाचा. ते वाचून मन खट्टू झाले, तर तो गाईड आपला नाही.

उत्तर — निवृत्त परिसेविका

विनियमांचे करवीरकर सरांनी सांगितलेच आहे. मी फक्त वॉर्डाचे बोलते. माझी अख्खी नोकरी वॉर्डात गेली आणि त्या काळात कितीतरी एम.एस्सी.च्या विद्यार्थिनी प्रश्नावल्या घेऊन आल्या. त्या यायच्या, रुग्णांना किंवा आमच्या मुलींना प्रश्न विचारायच्या, पत्रके वाटायच्या, पुन्हा तेच प्रश्न विचारायच्या आणि निघून जायच्या. त्या अभ्यासातून काय निघाले, हे एकीनेही परत येऊन सांगितल्याचे मला आठवत नाही. बेडसोअर का होतो आणि दर दोन तासांनी कूस का बदलायची, हे वॉर्डातल्या कोणत्याही नर्सला झोपेतून उठवून विचारले तरी ती सांगेल. ज्ञान कमी आहे म्हणून बेडसोअर होतात, ही समजूत मला कधीच पटली नाही.

तुम्ही एक करा. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला कूस बदलण्याचा तक्ता हातात घ्या आणि रात्रपाळीचा रकाना नीट पाहा. दहा, बारा, दोन, चार, सहा. डावी, उताणे, उजवी, डावी, उताणे. सर्व नोंदी एकाच शाईत, एकाच उतरत्या हस्ताक्षरात आणि एकाच दाबाने लिहिलेल्या असतात, कारण त्या पहाटे साडेसहाला पुढच्या पाळीला ओव्हर देण्याआधी एका बैठकीत लिहिलेल्या असतात. मग त्या रुग्णाला कुशीवर वळवून माकडहाडाजवळची त्वचा पाहा आणि बोटाने दाबा. लाली दाबूनही पांढरी पडत नसेल, तर तक्ता काय म्हणतो याला काही अर्थ उरत नाही. ती नर्स कामचुकार आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. रात्री एवढ्या मोठ्या वॉर्डाला एक-दोघीच असतात, ऐंशी किलोचा अर्धांगवायूचा रुग्ण एकटीने वळवला तर तिची कंबर जाते आणि मामा-मावशींना (वॉर्डबॉय आणि आयांना) हाक मारावी तर ते क्ष-किरण विभागात ट्रॉली घेऊन गेलेले असतात. कूस खरोखर किती वेळा बदलली जाते, कोण बदलते, नातेवाइकांचा त्यात हात किती आणि नोंद न करताच बदललेली कूस किती, याचा कोणी इमानदारीने अभ्यास केला तर तो मी आजही वाचीन.

उत्तर — गडहिंग्लजचा पाहुणा

थोडे कडू लिहितो, राग नसावा. पीएच.डी. झाल्यावर पगार वाढेल या आशेने कोणी जात असेल तर त्याने थांबावे. खासगी महाविद्यालयांत नावापुढे डॉक्टर लागते, तपासणी पथकासमोर त्या नावाचा उपयोग होतो आणि पगाराचा आकडा बहुधा तसाच राहतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत प्राचार्यपदासाठी एम.एस्सी. नर्सिंग, एकूण १५ वर्षांचा अनुभव आणि त्यांत बराच काळ अध्यापन ही अट आहे; पीएच.डी. तेथे 'इष्ट' म्हटली आहे, अनिवार्य नाही. कौन्सिलच्या १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला आहे, त्यामुळे पुढे निकष बदलूही शकतील. पण त्या भरवशावर आयुष्याची सहा वर्षे लावू नयेत.

आणखी एक. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, नर्सिंगमध्ये दोन प्रकारच्या डॉक्टरेट आहेत. एक संशोधनाची आणि दुसरी प्रत्यक्ष रुग्णसेवेतील उच्च कौशल्याची, जिला डीएनपी म्हणतात. ज्यांना खाटेजवळ राहूनच अधिकार आणि कौशल्य वाढवायचे आहे त्यांना आपल्याकडची पीएच.डी. ती गोष्ट देत नाही. त्यांच्यासाठी क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनर हा निवासी अभ्यासक्रम अधिक जवळचा ठरेल. मॅडमना संशोधनच करायचे असेल तर माझे शब्द मागे घेतो.

उत्तर — आकडेशास्त्री

मी नर्सिंगमधला नाही. वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि नर्सिंगच्या संशोधक 'सर, एवढे विश्लेषण करून द्या' म्हणून विदा (अभ्यासाच्या नोंदी) गोळा झाल्यावर येतात. तेव्हा करण्यासारखे फारसे उरलेले नसते, म्हणून इथे सुरुवातीलाच लिहितो.

संरचित अध्यापन कार्यक्रमाचा नेहमीचा साचा असा: एकच गट, आधी प्रश्नावली, मग पाऊण तासाचे व्याख्यान, आठवडाभराने तीच प्रश्नावली, आणि गुण वाढले म्हणून कार्यक्रम परिणामकारक. तुलनेला दुसरा गट नसल्याने वाढ व्याख्यानामुळे झाली की तेच प्रश्न दुसऱ्यांदा पाहिल्यामुळे झाली, हे सांगता येत नाही. शिवाय शिकवलेल्या गोष्टीवर शिकवल्यानंतर लगेच विचारले तर गुण वाढणारच. न वाढते तर ती बातमी झाली असती. परिसेविका मॅडमनी वर जे लिहिले त्याचे संख्याशास्त्रीय भाषांतर इतकेच की, त्या अभ्यासात मोजलेली गोष्ट ज्ञान आहे आणि रुग्णाला भोगावी लागणारी गोष्ट जखम आहे. पीएच.डी.त शक्यतो जखम मोजावी.

बेडसोअरचा विषय तोलाचा आहे का, असे विचारले आहे. तोल विषयाला नसतो, प्रश्नाला असतो. 'बेडसोअर' हा प्रश्न नव्हे. 'दाखल होताना ज्यांची त्वचा शाबूत होती अशा रुग्णांपैकी किती जणांना, कोणत्या दिवशी आणि शरीराच्या कोणत्या भागावर नवी जखम होते' हा प्रश्न आहे, आणि त्यासाठी रुग्णाला दाखल झाल्यापासून सुटीपर्यंत पाहावे लागते. एका दिवशी वॉर्डात जाऊन जखमा मोजल्या तर जुन्या-नव्या एकत्र येतात आणि घरूनच जखम घेऊन आलेल्या रुग्णाचा दोष वॉर्डाच्या माथी बसतो.

बेडसोअरचा धोका मोजणारी ब्रेडन मापनश्रेणी तुमच्या परिचयाची असेलच. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या श्रेणीत संवेदन, ओलसरपणा, हालचाल, स्थितीबदल, आहार आणि घर्षण असे ६ घटक आहेत, एकूण गुण ६ ते २३ आणि गुण जितके कमी तितका धोका अधिक. ती वापरायची तर परवानगी घ्या, आणि दोन नर्सनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे गुण दिले तर ते जुळतात का, हे आधी लहान नमुन्यावर तपासा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रबंधांत 'साधनाची विश्वसनीयता' म्हणून एक गुणांक छापलेला असतो आणि तो कशाचा हे संशोधकालाच सांगता येत नाही.

याहून मोलाचा धागा मला त्वचेच्या रंगात दिसतो. बेडसोअरच्या पहिल्या टप्प्याची व्याख्या दाबूनही न मावळणाऱ्या लालीवर उभी आहे, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती लाली सहज दिसत नाही; तेथे आसपासच्या भागापेक्षा जाणवणारी उष्णता, टणकपणा किंवा वेदना पाहावी लागते. आपल्या वॉर्डातील रुग्णांमध्ये पहिला टप्पा नजरेतून किती निसटतो आणि स्पर्शाने केलेल्या तपासणीने तो लवकर सापडतो का, हा प्रश्न कोल्हापुरातील एक नर्स एखाद्या मोठ्या संस्थेइतक्याच अधिकाराने विचारू शकते, कारण त्याला महागडे यंत्र लागत नाही, तयार हात आणि शिस्तबद्ध नोंद लागते.

नमुना आकाराविषयी. गटात ३० रुग्ण ही कोठून आलेली परंपरा आहे कोण जाणे, पण ती मोडा. समजा, तुम्हाला असे दाखवायचे आहे की नव्या पद्धतीने बेडसोअरचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येते. सार्थकतेची पातळी (नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता) ५ टक्के आणि सामर्थ्य (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरले तर प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे मूळ प्रमाण काय, हे तुम्हालाच प्राथमिक अभ्यासातून काढावे लागेल. तीस-तीस रुग्णांत एवढा फरक खरा असला तरी तो हाती लागण्याची शक्यता फार कमी, आणि मग 'फरक आढळला नाही' असे लिहून एक चांगली पद्धत उगाच बदनाम होते. त्यात एकाच वॉर्डातील अर्ध्या रुग्णांना नवी पद्धत आणि अर्ध्यांना जुनी, असे करता येत नाही, कारण नर्स त्याच असतात आणि त्या शिकलेले विसरू शकत नाहीत. वॉर्डच्या वॉर्ड एका गटात घ्यावे लागतात आणि मग रुग्णसंख्या आणखी वाढते. हे सर्व एकट्या अर्धवेळ संशोधकाच्या आवाक्याबाहेरचे वाटले, तर हस्तक्षेपाचा, म्हणजे नवी पद्धत राबवून पाहण्याचा, नाद सोडून निरीक्षणात्मक अभ्यास करा. तो कमी प्रतीचा असतो, हा आपल्याकडचा गैरसमज आहे.

हस्तक्षेप करायचाच असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदणी करावी. १ एप्रिल २०१८ पासून तेथे मागाहून नोंदणी होत नाही. पहिला रुग्ण अभ्यासात घेण्यापूर्वीच ती झालेली असावी लागते. औषध नाही, नुसती परिचर्या आहे म्हणून नोंदणीची गरज नाही, असे समजणाऱ्यांचे शोधनिबंध पुढे चांगली नियतकालिके परत पाठवतात.

पुन्हा सायंपाळी

सर्वांचे मनापासून आभार. परिसेविका मॅडम, तो एकाच शाईतला रकाना वाचून माझ्या डोळ्यांसमोर माझे जुने युनिट उभे राहिले. पाहुण्यांच्या कडू बोलण्याचाही राग नाही. पगारासाठी मी हे करत नाही, हे एकदा स्वतःशीच स्पष्ट झाले ते बरे झाले. आकडेशास्त्री सरांनी सुचवलेला निरीक्षणात्मक अभ्यास मला झेपण्यासारखा वाटतो: कूस बदलण्याची प्रत्यक्ष वारंवारता आणि स्पर्शाने केलेली त्वचेची तपासणी, दोन्ही एकाच रुग्णगटात.

दोन अडचणी उरतात. आमच्या महाविद्यालयाचे स्वतःचे मोठे रुग्णालय नाही, म्हणून विदा दुसऱ्या संस्थेच्या रुग्णालयात गोळा करावी लागेल. तेथे परवानगी कोणाची आणि कोणत्या क्रमाने घ्यावी? दुसरे असे की, तक्ता आणि प्रत्यक्ष काम यांतील अंतर मी मोजू लागले, तर तेथील स्टाफला आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे वाटणार, आणि एखादीवर त्यातून कारवाई झाली तर ते मला सहन होणार नाही.

उत्तर — करवीरकर

दुसरी अडचण आधी घेतो, कारण बहुतेक संशोधक ती विचारातच घेत नाहीत. या अभ्यासात रुग्णांइतक्याच त्या नर्सही सहभागी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अधिकाराच्या उतरंडीत खाली असलेले कर्मचारी आणि विद्यार्थी यांना असुरक्षित गटात धरून त्यांच्या संमतीची विशेष काळजी घ्यावी लागते. म्हणून संमतीपत्रे अधिसेविकेच्या कार्यालयातून वाटू नका आणि तिच्या उपस्थितीत भरून घेऊ नका. नोंदीत नर्सचे नाव, पाळीची तारीख आणि खाटेचा क्रमांक असे एकत्र येऊ देऊ नका, म्हणजे कोणी मागितले तरी व्यक्ती ओळखण्याजोगी माहिती तुमच्याकडेच नसेल. रुग्णालयाला केवळ संपूर्ण विभागाचे एकत्रित निष्कर्ष दिले जातील, हे आराखड्यात आणि परवानगीच्या पत्रात, दोन्हीकडे लिहून ठेवा. पाहणारी बाई उभी असल्यामुळे काम तेवढ्यापुरते सुधारेल, हे धरून चाला. सुरुवातीच्या काही पाळ्यांची विदा विश्लेषणातून वगळण्याचा निर्णय आधीच जाहीर केलेला असावा.

क्रमाविषयी. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून तत्त्वतः संमतीचे पत्र पहिल्यांदा घ्या, कारण त्याशिवाय आराखड्यातील अभ्यासस्थळ हवेत राहते. त्यानंतर गाईडची सही, विद्यापीठाच्या समितीसमोर आराखड्याचे सादरीकरण आणि मग नैतिकता समिती. ही समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत आहे का ते पाहा, आणि जेथे रुग्ण आहेत त्या रुग्णालयाची समिती तुमच्या महाविद्यालयाच्या समितीने दिलेली मंजुरी ग्राह्य धरते का, हे लेखी विचारा. बहुधा दोन्हींकडे जावे लागते. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, म्हणून हा काळ कोर्सवर्कच्या वेळापत्रकातच बसवा. तुम्ही हस्तक्षेप करणार नसलात तरी एक पेच समिती नक्की विचारेल: पाहणी करताना एखाद्याची त्वचा बिघडू लागल्याचे तुम्हाला दिसले, तर तुम्ही नुसती नोंद करून पुढे जाल का? नर्स म्हणून तसे जाता येणार नाही, तेव्हा तत्काळ ड्यूटीवरील सिस्टरला सांगण्याची पद्धत आराखड्यातच लिहा.

वाचनासाठी एक सूचना. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तीतून हजारो नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध होतात. खासगी महाविद्यालयातून ती उघडत नाहीत. त्यामुळे एखाद्या सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मिळते का ते पाहा. शोधनिबंध छापण्याची अट २०२२ च्या विनियमांनी देशपातळीवर काढली असली तरी विद्यापीठ ती घालू शकते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांना आता अधिकच मोकळे रान मिळाले आहे. निबंध पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे मागील अंक आणि संपादक मंडळ तपासा.

उत्तर — निवृत्त परिसेविका

संमतीपत्राचे एक राहिले. आपल्याकडे खाटेवर केवळ मराठी बोलणारा रुग्ण नसतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे कामगार हिंदी बोलतात आणि सीमाभागातून आलेल्या कुटुंबांत कधी कधी फक्त कन्नड चालते. शुद्धीत नसलेल्या रुग्णासाठी कायदेशीर प्रतिनिधीची सही लागते आणि रात्री खाटेजवळ बसलेला माणूस पुष्कळदा गावचा शेजारी असतो, मुलगा किंवा नवरा नसतो. त्याची सही घेऊन मोकळे होऊ नका. सकाळी डबा घेऊन घरचे येतात, तेव्हा थांबा. तिन्ही भाषांतील पत्रके समितीकडे पहिल्याच अर्जासोबत द्या, म्हणजे कन्नड पत्रकासाठी पुन्हा पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागणार नाही.